नव्या गड्याचा डाव



लगोरी किंवा आट्यापाट्या खेळावयास मुले जमली, पक्ष पडले, आणि मग एखादा पोर उशिराने आला, तर त्यास डावात कसे घ्यावयाचे ह्याची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. तो लहान असला तर त्यास 'कच्चा लिंबू' करावयाचे. तो धावेल, ओरडेल, पण बाद झाला तरी त्याजवर राज्य यावयाचे नाही. तो मोठा असला तर दोन्ही पक्षांच्या म्होरक्यांनी आपसांत तोड काढावयाची, आणि प्रसंगी आपला एखादा गडी इकडचा तिकडे द्यावयाचा. रीत साधीच, परंतु तिच्यात एक शहाणपण आहे. नवा गडी आला की जुन्यांस थोडे सरकून बसावे लागते.

आज मी जे सांगणार आहे ते पोरांच्या डावाविषयी नव्हे, धंदेवाईक क्रीडास्पर्धांविषयी आहे. ज्यास हल्ली सर्वत्र 'लीग' म्हणतात ती ठरावीक संघांची मंडळी वाढावयास निघाली म्हणजे नवा संघ कोणत्या अटींवर आत येतो, आणि त्या अटींवरून त्याचे पुढे काय होते, हा माझा विषय. त्याचे उदाहरण फार लांब शोधावयास नको. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या शिवेला लागून, द्रुतगती मार्गाच्या कडेला, मावळ तालुक्यातील गहुंजे गावी क्रिकेटचे एक विस्तीर्ण क्रीडागार उभे आहे. त्या क्रीडागारास आपला म्हणावा असा संघ दोनदा लाभला आणि दोनदा गेला.

प्रथम थोडे मागे जाऊ. स्पर्धेचा विस्तार ही गोष्ट आपल्या मुलखास नवी नाही. मुंबई इलाख्यात १८९२ पासून यूरोपियन व पारशी यांचे सामने नेमाने होत असत. मुंबईस आणि पुण्यास. दोघांचीच ती स्पर्धा. हिंदूंच्या संघाने १९०६ साली यूरोपियनांस हरविले, आणि १९०७ पासून स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली. १९३७ साली 'इतर' या नावाचा पाचवा संघ आला. त्यात ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन वगैरे मंडळी असत, आणि विजय हजारे हे त्याच संघाकडून खेळत. त्या पाचव्या संघाच्या आगमनाच्याच वर्षी, नव्या ब्रेबोर्न क्रीडागारातील जागांच्या वाटणीवरून हिंदूंचा संघ स्पर्धेतून दूर राहिला. नवा गडी आला की कोणीतरी रुसते, ते असे. धर्मवार संघांची ही पद्धत राष्ट्राच्या दृष्टीने गैर म्हणून तिजवर टीका होत गेली, आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. ती बंद पडली हे योग्यच झाले.

पण त्या स्पर्धेत प्रवेश मिळण्याचे कारण पाहा. १९०६ च्या त्या विजयात ज्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता ते पाळवणकर बाळू हे पुण्याच्या मैदानांवर वाढलेले. पूना जिमखान्यावर ते मैदानाची निगा राखण्याचे काम करीत आणि गोऱ्या साहेबांस सरावासाठी गोलंदाजी करीत. जात चांभाराची. पुण्याच्या हिंदूंच्या संघात त्यांस घेतले ते त्यांच्यावाचून सामना जिंकता येईना म्हणून. आणि घेतल्यावरही चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात. पुढे त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे १९२३ साली हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. संघाला काय किंवा माणसाला काय, त्या काळी आत यावयाचे तर आधी मैदानावर आपली लायकी दाखवावी लागे, आणि ती दाखविल्यावरही दार अर्धेच उघडे. त्या दारावर अपमान पुष्कळ होता. किंमतीची पाटी तेवढी नव्हती.

किंमतीची पाटी लावून शहरांस आत घेण्याची पद्धत आली ती समुद्रापलीकडून. तिचा सर्वांत बोधप्रद इतिहास आहे बर्फावरील हॉकीचा. आपणांपैकी बहुतेकांनी तो खेळ प्रत्यक्ष पाहिला नसेल, मीही नाही. पायांत पाती लावलेले बूट घालून बर्फाच्या फरशीवर रबराची चकती काठीने मारीत खेळतात, एवढे समजले म्हणजे पुरे. ह्या खेळाची 'नॅशनल हॉकी लीग' कॅनडातील माँट्रियल शहरी नोव्हेंबर १९१७ मध्ये स्थापन झाली. आरंभी संघ चार. त्यांतील एकाचे क्रीडागृह जानेवारी १९१८ मध्ये जळाले आणि राहिले तीन. १९२४ साली बोस्टनचा संघ घेऊन ती अमेरिकेत शिरली, दहा संघांपर्यंत वाढली, मग मंदीने आणि महायुद्धाने आकसत १९४२ साली सहांवर आली. पुढे पंचवीस वर्षे ती सहांचीच राहिली. सहा जणांचे बरे चालले होते; सातव्याची कोणास गरज वाटत नव्हती.

१९६७ साली त्यांनी एकदम सहाचे बारा केले. उदारपणा अंगात आला म्हणून नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर एक प्रतिस्पर्धी लीग डोके वर काढील ही धास्ती, आणि अमेरिकेभर संघ असल्यावाचून दूरचित्रवाणीचे मोठे करार मिळत नाहीत हा हिशेब, अशी दोन कारणे. प्रत्येक नव्या संघाकडून वीस लाख डॉलर घेतले. जुन्या संघांनी आपले निवडक खेळाडू राखून ठेवावयाचे, आणि उरलेल्यांतून नव्यांनी वेचावयाचे. परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. नव्या सहांचा वेगळा गट केला असल्यामुळे त्यांतील एक संघ अंतिम फेरीस पोहोचे. सेंट लुईसचा संघ ओळीने तीन वर्षे पोहोचला, आणि तिन्ही वर्षे मिळून अंतिम फेरीचे बारा सामने खेळून बाराही हरला. ओकलंडचा संघ १९७६ साली क्लीव्हलँडला गेला आणि १९७८ साली मिनेसोटाच्या संघात विरून गेला. १९७४ साली कॅन्सस सिटीस दिलेला संघ दोन वर्षांत डेन्व्हरला, आणि १९८२ साली तेथून न्यू जर्सीला गेला. अटलांटा शहराने तर दोनदा संघ घेतला आणि दोनदा गमावला: एक १९८० साली कॅल्गरीस, दुसरा २०११ साली विनिपेगला. ह्या अटलांटाची आठवण श्रोत्यांनी ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

ती मंडळी मात्र अनुभवाने शिकली. २०१७ साली लास व्हेगासचा संघ आला तेव्हा प्रवेशाची किंमत पन्नास कोटी डॉलर झाली होती, पण एवढी किंमत घेतल्यावर नव्या संघास बरे खेळाडू वेचता येतील असे नियमही केले. तो संघ पहिल्याच हंगामात अंतिम फेरीस गेला आणि २०२३ साली चषक जिंकून बसला. २०२१ साली सिॲटलने पासष्ट कोटी डॉलर देऊन प्रवेश केला आणि संघ बत्तीस झाले.

आता आपल्या घरी येऊ. इंडियन प्रीमियर लीगच्या आठ संघांची विक्री जानेवारी २००८ मध्ये झाली. आठांची मिळून किंमत सुमारे ७२ कोटी ३६ लाख डॉलर. त्यांत सर्वांत महाग मुंबई, ११ कोटी १९ लाख. दोनच हंगाम पुरे झाले होते, तिसरा चालू होता, तोच २१ मार्च २०१० रोजी चेन्नईस आणखी दोन संघ विकले गेले. पुण्याचा संघ सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरांस घेतला, म्हणजे सुमारे १,७०२ कोटी रुपयांस. कोचीचा गेला ३३ कोटी ३३ लाखांस. शाळामास्तरकी केलेल्या माणसाच्या नजरेत बेरीज प्रथम भरते. दोन नव्यांची किंमत मिळून ७० कोटी ३३ लाख, म्हणजे दोन वर्षांपूर्वी अख्ख्या आठांस जेवढे पडले त्याच्या जवळजवळ बरोबरीची. एकटा पुण्याचा संघ मुंबईच्या तिपटीहून महाग.

एवढे पैसे ज्याने मोजले त्याने काहीतरी हिशेब धरला असणारच. तो हिशेब सामन्यांच्या संख्येचा होता, आणि पुढील सर्व भांडणाचे मूळ तेथेच आहे. दहा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एक सामना घरी व एक बाहेर खेळावयाचा, म्हणजे सामने नव्वद. अंतिम टप्प्याचे चार धरून चौऱ्याण्णव. प्रत्यक्षात २०११ साली संघांचे दोन गट पाडून एकंदर चौऱ्याहत्तरच सामने ठेवण्यात आले. प्रत्येक संघाच्या वाट्यास अठराऐवजी चौदा. सामना कमी झाला की तिकिटाचे, जाहिरातीचे, सर्वच उत्पन्न कमी होते. जुन्या संघांनी स्वस्तात घेतले होते, त्यांस हे सोसवले. ज्याने तिपटीने मोजले होते त्याने किंमत कमी करून मागितली. नियामक मंडळाने नकार दिला.

खेळाडूंचेही तसेच. २०११ च्या लिलावापूर्वी जुन्या संघांस प्रत्येकी चार खेळाडू राखून ठेवण्याची मुभा होती. नव्यांस लिलावाआधी निवड करण्याची काही सोय नव्हती. त्यांनी भरली थैली घेऊन बाजारात उभे राहावयाचे एवढेच. पुण्याने युवराजसिंगास १८ लाख डॉलर आणि रॉबिन उथप्पास २१ लाख डॉलर देऊन घेतले. मैदानही तयार नव्हते. गहुंजेचे काम चालू असल्याने पुणे वॉरियर्स ह्या नावाच्या संघाचे पहिल्या वर्षीचे 'घरचे' सामने नव्या मुंबईत नेरूळला झाले. पुणेकरांचा संघ पाहावयास पुणेकरांनी घाट उतरून जावयाचे! आरंभ बरा झाला. १० एप्रिल २०११ रोजी पंजाबवर सात गडी राखून विजय मिळाला. पुढे चौदांत चारच विजय, आणि दहांत नववा क्रमांक.

आता गहुंजेविषयी. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे सामने पूर्वी स्वारगेटजवळील नेहरू स्टेडियमवर होत. ते महापालिकेचे; तिकिटांवरून व इतर गोष्टींवरून कुरबूर होऊ लागली, तेव्हा संघटनेने आपले स्वतःचे मैदान करावयाचे ठरविले. आराखडा लंडनच्या हॉपकिन्स ह्या वास्तुशिल्पसंस्थेचा. बसावयास सुमारे ३७,००० जागा. डोंगरांची किनार, पवनेचे खोरे, वारा मोकळा. जागा सुंदर आहे ह्यात शंका नाही. उद्घाटन १ एप्रिल २०१२ रोजी शरद पवार यांच्या हस्ते झाले. नावात पुणे असले तरी हे मैदान पुणे महापालिकेच्या हद्दीत नाही आणि आमच्या पिंपरी-चिंचवडच्याही नाही. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही चार गावे एकत्र करून आमची नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका झाली, पुढे गावे जोडली जाऊन ती थेट मामुर्डीपर्यंत आली. गहुंजे मात्र तेवढ्यास बाहेर राहिले. नगरांच्या विस्तारालाही शिवा असतात.

८ एप्रिल २०१२ रोजी ह्या मैदानावर पुण्याच्या संघाचा लीगमधील पहिला सामना झाला आणि पंजाबवर २२ धावांनी विजय मिळाला. निगडी-आकुर्डीपासून तळेगावापर्यंतची माणसे त्या वर्षी गहुंजेला गेली. पिंपरीतील आणि चाकणातील कारखान्यांत दुसऱ्या पाळीस जाणाऱ्या कामगारास रात्री आठचा सामना जमत नसे. पण पहिल्या पाळीचा माणूस घरी येऊन, मुलास घेऊन, जाऊ शके. कामासाठी चार जिल्ह्यांतून, चार प्रांतांतून येथे आलेली ही वस्ती. तिला आपले म्हणून ओरडावयास एक नाव मिळाले होते. चिंचवडास घर घेतलेला मराठवाड्याचा किंवा बिहारचा माणूस पुण्याच्या नावाने टाळ्या वाजवितो, ही गोष्ट ताळेबंदात कोठे दिसत नाही. पण माझ्या मते अशा संघाचा खरा उपयोग तोच.

संघाचे दैव मात्र फिरले होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, ऐन लिलावाच्या दिवशी, मालकांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्याचे जाहीर केले होते. मग समेट झाला. युवराजसिंग कर्करोगाने आजारी होता. त्याच्या जागी दुसरा खेळाडू देण्यावरूनही मंडळाशी तंटा झाला. सौरव गांगुलीने नेतृत्व घेतले, आणि हंगामातील शेवटचे नऊ सामने संघाने ओळीने गमावले. २०१३ साली तेच. २३ एप्रिल २०१३ रोजी बंगळूरला ख्रिस गेलने एकट्याने नाबाद १७५ धावा केल्या त्या ह्याच पुण्याच्या गोलंदाजांस बडवून. १९ मे रोजी गहुंजेस दिल्लीवर ३८ धावांनी विजय मिळाला. पुणे वॉरियर्सचा तो अखेरचा सामना. दोनच दिवसांनी, फीच्या थकबाकीपोटी मंडळाने बँकेची हमी वटविली आणि मालकांनी संघ काढून घेतला. ऑक्टोबरात मंडळाने करार रद्द केला. तीन हंगाम, ४६ सामने, १२ विजय. क्रीडागारास मालकांचे नाव दिले होते. त्याच्या रकमेवरून वाद होऊन तेही २०१३ सालीच उतरविण्यात आले. कोचीचा करार तर एकाच हंगामानंतर, सप्टेंबर २०११ मध्ये, रद्द झाला होता. त्या प्रकरणी कोचीच्या मालकांस मिळालेला ५३८ कोटी रुपयांहून अधिकचा लवादाचा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये कायम केला.

आता अटलांटाची आठवण करावी. पुण्यासही दुसरा संघ मिळाला, तो दुसऱ्यांच्या शिक्षेमुळे. चेन्नई व राजस्थान ह्या संघांवर २०१५ साली दोन वर्षांची बंदी आली, तेव्हा तेवढ्याच मुदतीचे दोन संघ डिसेंबर २०१५ मध्ये उलट्या बोलीने दिले गेले. उलटी बोली म्हणजे मंडळाकडून जो कमी पैसे मागेल त्यास संघ. पुण्यासाठी जी बोली यशस्वी झाली ती शून्याच्याही खाली, उणे सोळा कोटींची होती! म्हणजे घेणाऱ्यानेच दरसाल सोळा कोटी रुपये द्यावयाचे. गणिताच्या तासाला उण्या संख्येचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. पहिल्याच वर्षी, २०१६ च्या दुष्काळात, मैदानांवर पाणी ओतण्यावरून खटला झाला आणि एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यावेत असा आदेश उच्च न्यायालयाने दिला. पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला. लातूरकडे आगगाडीने पाणी न्यावे लागत होते ते हेच वर्ष. आदेशाविरुद्ध कुरकुर करावयास जागा नव्हती. दुसऱ्या वर्षी संघ अंतिम सामन्यास पोहोचला. २१ मे २०१७ रोजी हैदराबादेस मुंबईने १२९ धावा केल्या आणि पुण्याने १२८. त्या एका धावेनिशी मुदत संपली आणि संघ विसर्जित झाला.

२०१८ साली कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटले म्हणून चेन्नईचे सामने गहुंजेस आणण्यात आले. चेन्नईहून खास आगगाडीने पिवळे सदरे घातलेली माणसे पुण्यास आली, आणि त्या वर्षी अजिंक्यपद चेन्नईने मिळविले. ज्याचे शहर त्याच्या मागे प्रवास करून येते तो संघ कसा असतो, हे आमच्याकडील लोकांनी आपल्याच दाराशी पाहिले.

पुढचा विस्तार ऑक्टोबर २०२१ मध्ये झाला: लखनौ ७,०९० कोटी रुपयांस, अहमदाबाद ५,६२५ कोटींस. ह्या वेळी लिलावापूर्वी नव्या संघांस प्रत्येकी तीन खेळाडू निवडू दिले. अहमदाबादेस हार्दिक पांड्या, रशीद खान व शुभमन गिल असे तिघे मिळाले, आणि त्या संघाने २०२२ साली पहिल्याच झटक्यास अजिंक्यपद घेतले. जुन्यांनी थोडे सरकून जागा दिली म्हणजे नव्याचे असे होते. ज्या सहा शहरांसाठी बोली मागविल्या होत्या त्यांत पुण्याचे नाव नव्हते. २०२२ चे साखळी सामने मात्र महाराष्ट्रातच झाले, आणि त्यांतील पंधरा गहुंजेस; ज्यांत यजमान असा कोणीच नव्हता.

कोणी म्हणेल, पुण्याच्या मातीतच काही उणे आहे. तसे नाही. गहुंजेहून पंधरा-वीस किलोमीटरांवर, वाकडच्या पलीकडे, बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे. कबड्डीची धंदेवाईक लीग २०१४ साली आठ संघांनिशी निघाली त्यांत पुणेरी पलटण हा एक होता. पहिली दोन वर्षे तो अगदी तळाशी राहिला. पण तेथील प्रवेशाची किंमत क्रिकेटच्या मानाने हलकी होती, आणि आठांच्या बारा संघांपर्यंत वाढण्यापूर्वी त्या मंडळींनी २०१७ पर्यंत वाट पाहिली. आठांपैकी एकही संघ बुडाला नाही, आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणास २८-२५ असे हरवून पुणेरी पलटण दहाव्या हंगामात अजिंक्य ठरली. तळाशी राहूनही टिकण्याची सवड ज्यास मिळाली, त्याचे हे दहावे वर्ष.

गहुंजेसही आता वेगळ्या तऱ्हेचा विस्तार चालू आहे. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने आपली स्वतःची लीग काढली. सहा संघ, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व छत्रपती संभाजीनगर यांच्या नावांचे. पहिल्या वर्षीचे सर्व सामने गहुंजेसच झाले, म्हणून रत्नागिरीकरांस आपला संघ पाहण्यासाठी घाट चढून मावळात यावे लागले. ते आले, आणि चषक त्यांच्याच संघाने नेला.